फॉस्टसची महत्त्वाकांक्षा आणि पतन: या प्रश्नाचे उत्तर नेमके कसे लिहावे

इंग्रज नाटककार ख्रिस्तोफर मार्लोच्या 'डॉक्टर फॉस्टस' या नाटकावर बी.ए., एम.ए.ला एक प्रश्न निरनिराळे कपडे घालून येतो: नायकाची महत्त्वाकांक्षा त्याच्या पतनाला कशी कारणीभूत होते? उत्तरेही ठरलेली असतात. फॉस्टस अतिमहत्त्वाकांक्षी होता, त्याने सैतानाला आत्मा विकला, म्हणून तो नरकात गेला. पुढे तीन पाने कथानक आणि शेवटी 'अति तेथे माती'. यातले एकही वाक्य खोटे नाही, तरी एवढ्याने प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

बहुतेकांची चूक क्रमात होते. महत्त्वाकांक्षा पहिल्या अंकात, पतन पाचव्या अंकात आणि मधल्या भागात नुसती करमणूक, असे धरून ते लिहायला बसतात. प्रत्यक्षात फॉस्टसचे पतन शेवटच्या रात्री, मुदत संपताना, बाराच्या ठोक्याला सुरू होत नाही. चोवीस वर्षांच्या सेवेच्या बदल्यात आत्मा देण्याच्या करारावर सही झाल्यापासून ती सगळी वर्षे ते चालू असते. ज्याला देव व्हायचे होते, त्याच्या मागण्या कशा लहान होत जातात, यात ते दिसते. खालचे सगळे टप्पे हे आक्रसणे मजकुरातून शोधून कागदावर आणण्यासाठी आहेत.

तयारीसाठी नाटकाची मूळ प्रत, पेन्सिल आणि दोन कोरी पाने लागतील. गाइड पाचव्या टप्प्यापर्यंत उघडू नका. टिपणे मराठीत काढली तरी चालतील. उत्तर इंग्रजीत लिहायचे असले तरी विचार ज्या भाषेत स्पष्ट होतो त्या भाषेत तो आधी व्हावा.

## टप्पा 1: हातातली प्रत कोणती ते पाहा

मार्लो 30 मे 1593 रोजी डेप्टफर्ड इथे मारला गेला. नाटक छापले गेले ते त्यानंतर, आणि दोन वेगळ्या रूपांत. 1604 च्या छापील रूपाला 'ए' पाठ म्हणतात, 1616 च्या रूपाला 'बी' पाठ. 'बी' सुमारे सहाशे ओळींनी लांब आहे. नाट्यगृहचालक फिलिप हेन्सलोच्या रोजनिशीत 1602 साली या नाटकात भर घालण्यासाठी दोन लेखकांना चार पौंड दिल्याची नोंद आहे, त्यामुळे 'बी'मधला काही भाग दुसऱ्या हातांचा असावा असे मानले जाते.

हा तपशील केवळ अभ्यासकांसाठी नाही. तुमच्या उत्तराची दिशा त्यावर ठरते. दोन ठिकाणे आत्ताच खूण करून ठेवा.

पहिले ठिकाण दुसऱ्या अंकातले. फॉस्टस डगमगतो तेव्हा भला देवदूत त्याला सांगतो की उशीर कधीच झालेला नसतो. 'ए' पाठात तो पुढे म्हणतो, फॉस्टस पश्चात्ताप करू शकला तर. 'बी' पाठात म्हणतो, फॉस्टसने पश्चात्ताप करायचे मनावर घेतले तर. एका पाठात प्रश्न ताकदीचा आहे, दुसऱ्यात इच्छेचा.

दुसरे ठिकाण फक्त 'बी'मध्ये आहे. शेवटच्या प्रवेशात मेफिस्टोफिलिस, म्हणजे फॉस्टसच्या सेवेला आलेला सैतान, कबूल करतो की तू धर्मग्रंथ उघडलास तेव्हा पाने मीच उलटत होतो, तुझी नजर मीच वळवली. हे वाक्य असले की पतनाची जबाबदारी वाटली जाते. नसले की ती बरीचशी फॉस्टसच्या माथी येते.

सावध: एका पाठातले वाक्य आणि दुसऱ्या पाठातला शेवट एकत्र करून युक्तिवाद उभा करू नका. उत्तराच्या पहिल्या परिच्छेदात अर्ध्या वाक्यात तुमचा पाठ सांगून टाका. या लेखात अंकांचे उल्लेख आजच्या पाच अंकी आवृत्त्यांप्रमाणे आहेत. तुमच्या प्रतीत फक्त प्रवेशांचे क्रमांक असतील तर तेच वापरा.

## टप्पा 2: काळ आणि कथा यांची गल्लत मिटवा

हा टप्पा छोटा आहे, पण इथली चूक परीक्षकाला पहिल्याच पानावर दिसते.

एलिझाबेथ राणी 24 मार्च 1603 रोजी वारली. 'मॅकबेथ' साधारण 1606 चे, म्हणजे जेम्स राजाच्या काळातले. प्रश्नात 'एलिझाबेथकालीन' म्हटले असेल आणि तुम्ही 'मॅकबेथ' हे मुख्य उदाहरण घेतले, तर पायाच सरकतो. तुलना करायची असेल तर मार्लोच्याच 'टॅम्बरलेन'शी करा: तिथे मेंढपाळाचा सम्राट होतो, इथे गरीब घरातला मुलगा पंडित होतो. दोघांनाही जन्माने दिलेली जागा अपुरी वाटते.

दुसरी गल्लत मराठी वाचकाची खास आहे. विंदा करंदीकरांनी मराठीत आणलेला 'फाउस्ट' ग्योटेचा आहे. त्यात मेफिस्टोशी पैज आहे, फाउस्टची प्रेयसी ग्रेटचेन आहे आणि ग्योटेच्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस फाउस्टचा आत्मा वाचतो. मार्लोच्या नाटकात पैज नसून मुदतीचा करार आहे, ग्रेटचेन नाही आणि शेवटी सुटका नाही. दोन्ही वाचले असतील तर उत्तमच. उत्तरात मात्र मिसळू नका.

तपासा: तुमच्या टिपणात ग्रेटचेन, पैज किंवा तारण हे शब्द आले आहेत का? आले असतील तर तो कागद बाजूला ठेवा.

## टप्पा 3: पहिले स्वगत विषयवार तोडून वाचा

बहुतेक जण हे स्वगत 'फॉस्टस सर्व विद्या नाकारतो' एवढ्या ओळीत गुंडाळतात. मी तर म्हणेन की निम्मे उत्तर इथेच आहे. पानावर चार रकाने पाडा: तर्कशास्त्र, वैद्यक, कायदा, धर्मशास्त्र. प्रत्येक रकान्यात दोन गोष्टी लिहा: तो काय वाचतो आणि कोणत्या कारणाने बाजूला सारतो.

तर्कशास्त्र: नीट वाद घालणे एवढेच त्याचे ध्येय असेल तर ते मी गाठले, असे तो म्हणतो. म्हणजे विद्या वाईट ठरत नाही, ती संपलेली ठरते.

वैद्यक: त्याच्या औषधयोजनांनी शहरेच्या शहरे प्लेगमधून वाचली आहेत. तरीही तू फॉस्टसच, माणूसच, असे तो स्वतःला सुनावतो. मेलेल्याला उठवता आले असते तर हा धंदा मानाचा. या ओळींखाली रेघ मारा. हजारोंना बरे करणाऱ्या माणसाला ते पुरेसे वाटत नाही, कारण मृत्यूची हद्द ओलांडता येत नाही. त्याची महत्त्वाकांक्षा नेमकी कशाची आहे हे इथे कळते. पैसा आणि सत्ता नंतर येतात. पहिली चीड माणूसपणाच्या मर्यादेची आहे.

कायदा: वारसाहक्काची क्षुल्लक प्रकरणे, भाडोत्री माणसाचे काम. हा रकाना लहानच राहू द्या.

धर्मशास्त्र: इथे थांबा आणि बायबल शेजारी उघडा. तो जेरोमच्या लॅटिन बायबलमधून दोन वचने वाचतो. पहिले रोमकरांस पत्रातले (6:23): पापाचे वेतन मरण आहे. दुसरे योहानाच्या पहिल्या पत्रातले (1:8): आपल्या ठायी पाप नाही असे म्हटले तर आपण स्वतःला फसवतो. दोन्ही जोडून निष्कर्ष काढतो: पाप अटळ, म्हणून मरण अटळ, 'के सेरा सेरा', जे व्हायचे ते होणार. पण रोमकरांसच्या त्याच वचनाचा उरलेला भाग सार्वकालिक जीवनाच्या देणगीबद्दल आहे, आणि योहानाचे लगेच पुढचे वचन सांगते की पाप कबूल केले तर क्षमा मिळते. तर्कशास्त्रात सर्व काही गाठल्याचा दावा काही ओळी आधी करणारा पंडित अर्धी वचने वाचून पुस्तक मिटतो.

तो मुद्दाम अर्धे वाचतो की घाईत, हे नाटक सांगत नाही. तुम्ही दोन्ही शक्यता मांडू शकता. पण ही अर्धी वचने उत्तरात आलीच पाहिजेत, कारण पुढच्या चोवीस वर्षांत हेच होत राहणार आहे: क्षमेचा भाग समोर असतो आणि तो वाचला जात नाही.

यानंतर जादूची पुस्तके, आणि तो म्हणतो की पक्का जादूगार म्हणजे सामर्थ्यवान देवच. ('बी' पाठात तो 'अर्धदेव' म्हणतो, तुमच्या प्रतीप्रमाणे घ्या.)

सावध: 'फॉस्टस म्हणजे प्रबोधनकाळातला ज्ञानपिपासू माणूस' हे वाक्य लिहिण्याआधी स्वगत पुन्हा वाचा. ज्ञानाची ओढ आहे, पण तो ज्या क्षणी जादू निवडतो त्या क्षणी त्याच्या तोंडी नफा, आनंद, सत्ता आणि मान हेही शब्द आहेत. यातला एकच शब्द उचलून त्याला गौरवू नका की झोडपूही नका.

## टप्पा 4: मागितले काय, मिळाले काय

दुसरे पान घ्या, मधोमध रेघ ओढा आणि जमाखर्चाच्या वहीसारखे दोन्ही बाजूंना लिहीत जा. माझ्या मते या सगळ्या तयारीतले हे सर्वांत उपयोगी पान आहे, आणि नेमके तेच कोणी करत नाही.

डावीकडे करारापूर्वीची स्वप्ने: साऱ्या जर्मनीभोवती पितळी भिंत, वेगवान ऱ्हाइन नदी वळवून आपल्या विद्यापीठाच्या गावाभोवती, विटेनबर्गभोवती, फिरवणे, विद्यापीठातल्या मुलांना रेशमी कपडे, पार्माच्या राजपुत्राला देशाबाहेर घालवणे, 1585 साली अँटवर्पच्या पुलावर सोडलेल्या आगीच्या जहाजाहून विलक्षण युद्धयंत्रे, भारतातून सोने, समुद्रातून मोती. मेफिस्टोफिलिसला भेटल्यावर ही यादी आणखी फुगते: जगाचा सम्राट व्हायचे, हवेत पूल बांधून सैन्य समुद्रापार न्यायचे, आफ्रिकेचा किनारा स्पेनला जोडायचा.

उजवीकडे, करारानंतर प्रत्यक्ष काय घडते ते क्रमाने लिहा.

बायको मागतो, फटाक्यांसह स्त्रीवेशातला सैतान येतो. ग्रहताऱ्यांविषयी विचारतो, मिळालेली उत्तरे ऐकून तोच म्हणतो की ही किरकोळ माहिती माझा नोकर वॅग्नरही देईल. हे जग कोणी निर्माण केले, असे विचारतो; मेफिस्टोफिलिस उत्तर द्यायलाच नकार देतो. ज्ञानासाठी आत्मा दिला असेल, तर त्याला खरोखर हवे असलेले एकमेव उत्तर करारात बसत नाही. या जागेवर उत्तरात चार-पाच वाक्ये खर्च करा.

मग रोममध्ये अदृश्य होऊन पोपच्या ताटातले पदार्थ पळवणे आणि त्याला चपराक. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या दरबारात अलेक्झांडर आणि त्याच्या प्रियेच्या छाया. टोमणा मारणाऱ्या सरदाराच्या डोक्यावर शिंगे. घोडेवाल्याला चाळीस डॉलरला घोडा विकणे आणि तो पाण्यात गेला की गवताची पेंढी होणे. व्हॅनहोल्टच्या गरोदर डचेससाठी जानेवारीत द्राक्षे. शेवटी ट्रॉयची प्रसिद्ध सुंदरी हेलन.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचा. ज्याला जगाचा सम्राट व्हायचे होते तो सम्राटासमोर खेळ करून दाखवतो. ज्याने कायद्याला भाडोत्री काम म्हटले तो घोडेवाल्याशी चाळीस डॉलरचा सौदा करतो. पतन म्हणतात ते हेच.

डचेसच्या प्रवेशात एक जागा निसटते. द्राक्षे कुठून आणली हे सांगताना फॉस्टस भूगोल समजावतो: इथे हिवाळा असतो तेव्हा भारत, साबा आणि त्यापलीकडच्या पूर्वेकडच्या देशांत उन्हाळा असतो. विद्यापीठातला शिक्षक त्याच्यात अजून शिल्लक आहे. फक्त त्याची विद्या आता जेवणाच्या टेबलापुरती उरली आहे. मला हा प्रवेश हेलनच्या प्रवेशाइतकाच दुःखद वाटतो.

गौण पात्रेही याच पानावर नोंदवा. वॅग्नर विदूषकाबद्दल म्हणतो की हा कच्च्या मांसाच्या तुकड्यासाठीही सैतानाला आत्मा देईल. विदूषक उलट सांगतो की इतकी किंमत द्यायची तर मांस नीट भाजलेले आणि चांगल्या रश्श्यासह हवे. तो निदान घासाघीस करतो. फॉस्टस मात्र चोवीस वर्षांची मुदत कोणी न विचारता स्वतःच सुचवतो.

सावध, दोन गोष्टी: एक, मधले विनोदी प्रवेश मार्लोचे नसावेत असे म्हणून सोडून देऊ नका. लेखक कोणीही असो, नाटकात ते आहेत आणि प्रेक्षकाने ते पाहिले. रोमचा प्रवेशही 'पोरकट' म्हणून एका शब्दात उडवू नका. प्रोटेस्टंट लंडनला पोपची फजिती मनापासून आवडली असणार. दोन, 'फॉस्टसला काहीच मिळाले नाही' असे लिहू नका. कोरस, म्हणजे नाटकातला निवेदक, सांगतो की फॉस्टस ड्रॅगनच्या रथातून आकाश पाहून आला, देशोदेशी त्याची कीर्ती झाली. विरोधी पुरावा मान्य करून पुढे गेलात तर तुमचे म्हणणे जास्त टिकते.

## टप्पा 5: परतीच्या वाटा मोजा

आता नाटक तिसऱ्यांदा चाळा आणि फॉस्टसला मागे फिरण्याची संधी जिथे जिथे मिळते तिथे खूण करा. प्रत्येक खुणेपुढे लिहा: त्यानंतर लगेच काय घडते?

1. मेफिस्टोफिलिस पहिल्या भेटीतच सांगतो की मी तुझ्या मंत्राच्या बळावर आलो नाही. कोणी देवाचे नाव विटाळतो तेव्हा त्याचा आत्मा मिळेल या आशेने आम्ही येतो. सैतानांचा राजा ल्युसिफर स्वर्गातून कसा पडला? महत्त्वाकांक्षी गर्वाने. नरक कुठे आहे? हे नरकच आहे, मी त्यातून बाहेर पडलेलोच नाही. आणि हे पोकळ प्रश्न सोड, असे विनवतो. सैतान स्वतः इशारा देतो, आणि फॉस्टस त्यालाच धीर धरायला शिकवतो.

2. करार लिहिताना रक्त गोठते. हातावर 'होमो फुगे', माणसा पळ, ही अक्षरे उमटतात. मेफिस्टोफिलिस त्याचे मन रमवायला काहीतरी आणतो: मुकुट आणि उंची वस्त्रे घेऊन नाचणारे सैतान. करार पुरा करताना फॉस्टस 'कॉन्सुमातुम एस्त' म्हणतो, जे योहानाच्या शुभवर्तमानात क्रुसावरच्या ख्रिस्ताचे शेवटचे शब्द आहेत.

3. दुसऱ्या अंकात तो ख्रिस्ताला हाक मारतो. तत्क्षणी ल्युसिफर हजर होतो, दरडावतो आणि मग सात महापापांची मिरवणूक दाखवतो. फॉस्टस खूश होतो.

4. वृद्ध मनुष्य त्याला क्षमेची आशा दाखवतो. मेफिस्टोफिलिस शरीराचे तुकडे करण्याची धमकी देतो. फॉस्टस रक्ताने करार पुन्हा पक्का करतो, त्या वृद्धालाच छळायला सांगतो आणि हेलन मागतो.

दुसऱ्या नोंदीपासून पुढे रचना सारखीच आहे. शंका येते आणि शंकेला उत्तर म्हणून खेळ दाखवला जातो. नंतरच्या दोन वेळी त्याआधी धमकीही येते. फॉस्टसचे तोंड तर्काने कोणी बंद करत नाही, त्याचे लक्ष वळवले जाते. हे निरीक्षण तुमच्या उत्तरात आले तर बाकी पन्नास उत्तरांपेक्षा ते वेगळे दिसेल, कारण ते गाइडमधून न येता मजकूर लावून पाहिल्याने हाती आले आहे.

तपासा: प्रत्येक खुणेपुढे 'लगेच काय घडते' हा रकाना भरला आहे ना? नसेल तर पुढे जाऊ नका.

आता हवे असेल तर गाइड उघडा. त्यातले कोणते विधान तुमच्या दोन पानांना धरून आहे आणि कोणते नाही, एवढेच पाहा.

## टप्पा 6: ॲरिस्टॉटल किती घ्यायचा ते ठरवा

'हॅमार्शिया म्हणजे दोष, फॉस्टसचा दोष महत्त्वाकांक्षा' हे समीकरण लिहून पान भरते, विचार पुढे जात नाही. ॲरिस्टॉटलचा शब्द प्रमादाच्या, कृतीतल्या चुकीच्या अंगाने जातो. स्वभावाला चिकटलेल्या डागाच्या अंगाने फारसा नाही. शिवाय फॉस्टस राजा नाही, त्याचे राज्य जात नाही, आणि लोकांच्या नजरेत तर तो शेवटपर्यंत चढतच असतो. भला देवदूत, दुष्ट देवदूत, महापापे ही चौकट मध्ययुगीन नीतिनाट्याची आहे. त्या चौकटीत मार्लोने असा माणूस ठेवला ज्याच्याबद्दल प्रेक्षकाला हळहळ वाटते. ॲरिस्टॉटलला एक परिच्छेद पुरे, आणि त्यात तो कुठे बसत नाही हेही सांगा.

सुरुवातीच्या कोरसमधली मेणाच्या पंखांची प्रतिमा, म्हणजे सूर्याच्या फार जवळ उडून पडलेल्या इकारसची ग्रीक गोष्ट, मात्र जरूर घ्या. फक्त ती ओळ पूर्ण वाचा: पंख झेपेपलीकडे चढले आणि स्वर्गाने त्याच्या नाशाचा कट केला. कट करणारा स्वर्ग? जबाबदारी कोणाची, हा प्रश्न नाटकाने पहिल्याच मिनिटाला उभा केला आहे.

## टप्पा 7: मुख्य विधान एका वाक्यात बांधा

आता लिहायचे ते विधान तुमच्या दोन पानांवरून आले पाहिजे. तीन मसुदे शेजारी ठेवून पाहा.

पहिला: 'फॉस्टसच्या महत्त्वाकांक्षेमुळे त्याचे पतन झाले.' यावर कोणी वाद घालणार नाही, म्हणून सिद्ध करण्यासारखेही काही नाही.

दुसरा: 'फॉस्टसला मिळालेली शिक्षा योग्य की अयोग्य यावर मतभेद आहेत.' इथे लेखकच गायब आहे.

तिसरा: 'माणूसपणाची मर्यादा ओलांडण्याची फॉस्टसची इच्छा करारानंतर राजेरजवाड्यांची करमणूक करण्याइतकी लहान होते, आणि नरकात जाण्याआधीच झालेले हे आक्रसणे ही त्याची खरी शोकांतिका आहे.' याला पुरावा लागेल, आणि तो तुमच्याकडे तयार आहे.

जबाबदारीच्या प्रश्नावर भूमिका घ्यावीच लागेल. माझी सूचना अशी: 'ए' पाठ घेतला तर निवड त्याची, पण प्रत्येक निवडीनंतर पुढची निवड अवघड होत गेली, असे मांडा. 'माझे मन इतके कठीण झाले आहे की मला पश्चात्ताप करता येत नाही' हे त्याचेच वाक्य आधाराला आहे. 'बी' घेतला तर मेफिस्टोफिलिसच्या कबुलीला तोंड द्या. ती टाळून पुढे जाता येणार नाही.

## टप्पा 8: परिच्छेदांचा क्रम लावा

चाळीस मिनिटे असतील तर पहिली पाच आराखड्याला. मग हा क्रम:

1. पाठ आणि मुख्य विधान. चार-पाच वाक्ये, मार्लोचे चरित्र नको.
2. पहिले स्वगत: वैद्यकाची ओळ आणि अर्धी वचने.
3. स्वप्नांची यादी; सगळी नाही, दोन किंवा तीन.
4. करार आणि नाकारलेला प्रश्न.
5. आक्रसणे: सम्राटाचा दरबार, घोडेवाला, द्राक्षे. हा परिच्छेद सर्वांत मोठा ठेवा.
6. परतीच्या वाटा आणि लक्ष वळवण्याची रचना. इथेच जबाबदारीवरची भूमिका.
7. शेवटचा तास.

परिच्छेद कथेतल्या घटनेने सुरू करू नका, दाव्याने करा. 'यानंतर फॉस्टस सम्राटाच्या दरबारी जातो' याऐवजी 'सम्राटाच्या दरबारात फॉस्टसची जागा राज्यकर्त्याची नसून कलावंताची आहे' असे लिहिले की पुढचे वाक्य आपोआप पुराव्याचे होते. मार्लोच्या चरित्रातल्या नास्तिकपणाच्या आरोपांवर परिच्छेद खर्चू नका. ते नाटकाचे उत्तर नाही.

अवतरणे मूळ भाषेत, एका वेळी एक-दोन ओळी. अवतरणानंतर 'यावरून त्याची महत्त्वाकांक्षा दिसते' असे लिहिण्याचा मोह होईल. तिथे थांबून त्या ओळीतला एक शब्द किंवा एक प्रतिमा उचला आणि ती काय करते ते सांगा.

सावध: हेलनच्या प्रसिद्ध ओळी पाठ असतात म्हणून सौंदर्यवर्णन म्हणून टाकल्या जातात. त्याच भाषणात तिचे ओठ आपला आत्मा शोषून घेतात, असे फॉस्टस म्हणतो. ती ओळ सोडून पहिली ओळ देणे म्हणजे फॉस्टसने बायबलचे जे केले तेच करणे.

## टप्पा 9: शेवटचे स्वगत सुरुवातीशी जोडा

अकराचा ठोका पडतो आणि साधारण साठ ओळींत रंगमंचावरचा एक तास संपतो. पहिला अर्धा तास दुसऱ्यापेक्षा जास्त ओळी घेतो, त्यामुळे वेळ वेगाने पळू लागल्याचे कानाला कळते. 'रात्रीच्या घोड्यांनो, हळू धावा' ही ओव्हिडची लॅटिन ओळ तो उच्चारतो. ओव्हिडच्या कवितेत ती प्रियेच्या मिठीतल्या माणसाची आहे. इथे ती मरणाला टेकलेल्याच्या तोंडी येते.

मग इच्छा पाहा. तो देवाकडे झेप घेऊ पाहतो आणि कोणीतरी खाली ओढते आहे असे त्याला वाटते. डोंगरांनी अंगावर पडून आपल्याला लपवावे, धरतीने पोटात घ्यावे. पायथागोरसचे म्हणणे खरे असते तर आत्मा एखाद्या पशूत गेला असता, आणि पशूचा आत्मा मरणाबरोबर विरून जातो. शेवटी आत्म्याचे पाण्याचे थेंब होऊन समुद्रात मिसळावेत.

टप्पा 3 मध्ये 'तू माणूसच' या ओळीखाली तुम्ही रेघ मारली होती. तेव्हा त्याला माणसाहून वर जायचे होते, आता खाली. दोन्ही वेळा माणूस राहणे त्याला सोसत नाही. उत्तराचा शेवटचा परिच्छेद याच जोडणीवर उभा करा. पुस्तके जाळीन, ही शेवटची हाकही याच जागी बसते: पहिल्या प्रवेशात जी पुस्तके त्याने एकेक करून मिटली, तिथपासून ही वाट आली आहे.

सावध: शेवटच्या कोरसमधला उपदेश स्वतःचा निष्कर्ष म्हणून उतरवू नका. कोरस सरळ वाढू शकली असती अशा फांदीबद्दल हळहळतो आणि लगेच शहाण्यांना ताकीदही देतो. कोरसच्या मनात दोन भावना आहेत, तर तुमच्या उत्तरात एकच का उरावी?

## टप्पा 10: पाच मिनिटांची तपासणी

उत्तर देण्याआधी फक्त परिच्छेदांची पहिली वाक्ये सलग वाचा. त्यांतून कथा तयार होत असेल तर सारांश झाला आहे. युक्तिवाद तयार होत असेल तर काम झाले.

मग शोधा: 'महत्त्वाकांक्षा' हा शब्द किती वेळा आला? प्रत्येक ठिकाणी 'कशाची?' असे विचारा. मृत्यूवर ताबा, ज्ञान, सत्ता, मान की नुसती टाळी? जिथे उत्तर देता येत नाही तिथे शब्द खोडून नेमकी गोष्ट लिहा.

मधल्या दोन अंकांतले किमान दोन प्रसंग आले आहेत का, ते पाहा. नसतील आणि वेळ उरला नसेल, तर मार्लोच्या काळाची पार्श्वभूमी सांगणारा परिच्छेद काढा आणि त्या जागी घोडेवाल्याचा प्रसंग तीन ओळींत घाला. शेवटी पाठ कोणता ते पहिल्या परिच्छेदात लिहिले आहे याची खात्री करा. घाईत नेमके तेच राहून जाते.